डाव्या बाजूची अक्षरं

थोरली अकरा वर्षं औषधांच्या खोक्यांसाठी अक्षरं काढत होती. गोळ्यांच्या पाकिटामागे मुंगीएवढा मजकूर असतो ना, त्यातलं एकेक अक्षर कोणीतरी घडवलेलं असतं. चष्मा घरी विसरलेल्या म्हाताऱ्यालाही सहाचा आठ वाटू नये, एवढी काळजी त्यात घ्यावी लागते. ते काम थोरलीचं. तिची अक्षरं ताठ, शहाणी, एकमेकांपासून अंतर राखून उभी असायची. ती कोणाच्या डोळ्यांत भरली तर काम फसलं असं समजायचं. थोरलीचं काम एकदाही फसलं नव्हतं, म्हणजे ते आजवर कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

धाकटीचं सगळंच वेगळं. ती शर्यतीत सायकल पळवायची. कडांना भिंतीसारखा उभा चढत गेलेला लाकडी ट्रॅक, त्यावर ब्रेक नसलेली सायकल, आणि तिच्यावर पोट गुडघ्यांना लावून बसलेली ही बाई.

"ताई, तुझी अक्षरं बघितली की मला शाळेतली प्रार्थनेची रांग आठवते," ती म्हणायची.

"आणि तुला ट्रॅकवर बघितलं की आईला देव आठवतो," थोरली म्हणायची.

दोघी आईजवळच राहत होत्या. पुढच्या खोलीत खिडकीशी थोरलीचं टेबल आणि त्याला खेटूनच धाकटीची सायकल. कोण कोणाच्या खोलीत राहतंय हा वाद इतका जुना झाला होता की आईने त्यात लक्ष घालणं कधीच सोडून दिलं होतं.

धाकटी ज्या संघाकडून पळायची तो एका सायकल कारखान्याचा संघ होता. कारखान्याच्या मालकीणबाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, पण एकदा बोलल्या की समोरच्याला हातातला चहाचा कप खाली ठेवायला लावणाऱ्या. एका सकाळी सरावानंतर त्या नव्या सायकलीकडे बघत म्हणाल्या, "सायकल वाऱ्यासारखी पळते आणि तिच्यावरचं नाव मात्र दवाखान्याच्या पाटीसारखं."

"मॅडम, दवाखान्याची अक्षरं काढणारी माझी बहीणच आहे," धाकटी म्हणाली. "तिलाच बोलवा. तिच्याइतका त्या अक्षरांचा कंटाळा कोणालाच आला नसेल."

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा थोरली तिच्यावर भडकली. मला कंटाळा आलाय असं तुला कोणी सांगितलं, मी कधी तिरकं अक्षर काढलंय का, हात दाखवून अवलक्षण कशाला. बोलता बोलता ती कपाटातून जाड कुंचला शोधून काढत होती, हे धाकटीने पाहिलं आणि ती गुपचूप आंघोळीला गेली.

मालकीणबाईंनी थोरलीला कारखान्यात बोलावलं. वेल्डिंगचा वास, ओळीने टांगलेले रंग न दिलेले सांगाडे. बाईंनी बसायलाही सांगितलं नाही, स्वतःही उभ्याच होत्या.

"जाड हवं. मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला दिसलं पाहिजे. अक्षरांना शेपट्या, टोप्या, नखरे काही नकोत. आणि पुढे झुकलेलं हवं. सायकल भिंतीला टेकवून ठेवली तरी आत्ता सुटेल असं वाटलं पाहिजे. आमचं सहा अक्षरांचं नाव, सगळे आकडे आणि बाकीची अक्षरंसुद्धा. शर्टावर, गाडीवर, खोक्यावर सगळीकडे तेच. मोसमातली पहिली मोठी शर्यत सहा आठवड्यांनी आहे. त्या दिवशी संघ नव्या अक्षरांत उतरेल. जमेल?"

"जमेल," थोरली म्हणाली, आणि हा आवाज आपलाच आहे का असं तिला वाटलं.

घरी चालत येताना तिच्या पायांना जमीन लागत नव्हती. रस्त्यावरची प्रत्येक पाटी ती नव्याने वाचत होती. टायरच्या दुकानाची पाटी तिरकी होती, पण सुस्त होती. एका व्यायामशाळेची पाटी इतकी जाड होती की अक्षरांचा श्वास कोंडला होता. न्हाव्याच्या पाटीसमोर ती इतका वेळ उभी राहिली की न्हाव्याने बाहेर येऊन "बसा ना, दोनच नंबर आहेत" असं सांगितलं.

पहिल्या दिवशी तिने सोपी वाट धरली. आपलीच एक जुनी ताठ अक्षरमाला घेतली, फुगवून जाड केली आणि संगणकावर एका बटणाने उजवीकडे ढकलली. समोर जे आलं ते बघवेना. गोल अक्षर पोचा पडलेल्या पातेल्यासारखं झालं होतं. उभे दांडे बारीक, आडवे सुजलेले. धाकटीने खांद्यावरून डोकावून पाहिलं.

"हे पळत नाहीये ताई. कोणीतरी मागून ढकललंय याला."

राग आला, पण म्हणणं खरं होतं. थोरलीने संगणक बंद केला आणि फरशीवर कागद पसरले. कुंचल्याने, खांद्यातून हात फिरवत, हातभर उंचीची अक्षरं ती काढू लागली. अकरा वर्षं तिने मनगटाच्या वर काही हलवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी खांदा असा भरून आला की आईला तेल गरम करावं लागलं. पण गोलाला कुठे चापायचं आणि कुठे मोकळं सोडायचं हे हाताला कळू लागलं. पुढे झुकलेल्या गोलाचं वजन खालच्या डाव्या आणि वरच्या उजव्या खांद्यावर येतं, सरळ गोलासारखं दोन्ही कुशींवर नाही. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ते सापडलं त्या दुपारी ती स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगून आली. आई म्हणाली, "बरं झालं बाई," आणि पुन्हा कुकरकडे वळली.

मग तिरकेपणा किती, हा प्रश्न. अठरा अंशांवर अक्षरं तोंडावर पडत होती. आठ अंशांवर नुसतीच वाऱ्याची झुळूक लागल्यासारखी दिसत होती. थोरलीने निरनिराळे नमुने छापून घरामागच्या गल्लीतल्या भिंतीवर चिकटवले आणि धाकटीला सायकलवरून समोरून जायला लावलं. बाराच्या नमुन्यापाशी धाकटीने दोनदा मान वळवली. बारा ठरले.

त्याच गल्लीत आकडे अडकले.

"काय वाचलंस?" थोरलीने विचारलं.

"अडुसष्ट."

"मी सहासष्ट लिहिलंय."

जाडी वाढली की इंग्रजी सहाचं तोंड मिटतं. जवळून कळत नाही, पण वेगात मिटलेला सहा आणि आठ सख्खे भाऊ होऊन बसतात. पंच नंबरावरून निकाल देतात, म्हणजे एकीची मेहनत दुसरीच्या नावावर जायची. इथे मात्र थोरलीला कोणाकडून शिकायची गरज नव्हती. गोळ्यांच्या पाकिटावर हेच तर तिने जन्मभर केलं होतं. तिने सहाची मान लांब केली, तोंड उघडलं, आठाची कंबर आवळली आणि तोही आठ वाटू नये म्हणून तीनची दोन्ही टोकं कातरली. पुढच्या सकाळी धाकटी गल्लीतून चार वेळा सुसाट गेली आणि चारही वेळा बरोबर वाचून आली. थोरलीने तिला मिठीच मारली. धाकटी घामाने निथळत होती, तरी.

पाचव्या आठवड्यात मालकीणबाईंनी नमुना पाहिला. कागद दोन हातांनी धरला, मग सहायकाच्या हातात देऊन त्याला शेडच्या टोकाला उभं केलं आणि स्वतः मागे मागे चालत भिंतीला जाऊन टेकल्या.  

"छापायला टाका," त्या म्हणाल्या आणि फोन घ्यायला निघून गेल्या. जाता जाता वळून त्यांनी पुन्हा एकदा कागदाकडे पाहिलं, आणि तेवढ्यानेच थोरलीचा जीव भांड्यात पडला.

स्टिकर कापण्याचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांना सगळे ब्लेडकाका म्हणत. दुकानात यंत्र होतं, पण वळणाच्या कडा ते अजून हातानेच साफ करत. बुधवारी दुपारी संघाची मोठी गाडी त्यांच्या दुकानासमोर उभी राहिली. काकांनी पत्रा धुतला, साबणाचं पाणी शिंपडलं, पिवळंधमक स्टिकर टेकवलं आणि प्लास्टिकच्या पट्टीने मधून कडेला पाणी काढत गेले. वरचा कागद सोलला गेला आणि गाडीच्या उजव्या अंगावर, निळ्या पत्र्यावर, ती सहा अक्षरं उभी राहिली. उभी कसली, निघालीच. गाडी जागेवर होती आणि नाव पुढे चाललं होतं. थोरलीने तोंडावर हात घेतला. अकरा वर्षांत तिचं अक्षर तिच्या स्वतःच्या उंचीचं कधी झालं नव्हतं.

"झकास," काका म्हणाले. "आता ती बाजू."

डावी बाजू पुरी व्हायला अर्धा तास लागला. थोरली चहा घेऊन वळसा घालून आली आणि तिथेच थांबली. कप कलंडून चहा बोटांवर आला तरी तिला कळलं नाही.

अक्षरं तीच होती, तशीच उजवीकडे झुकलेली. पण गाडीचं तोंड या बाजूने डावीकडे होतं. गाडी जायची डावीकडे आणि अक्षरं झुकली होती उजवीकडे, मागे. नाव पळत नव्हतं. ते टाचा रोवून गाडीला मागे ओढत होतं, दाव्याला बांधलेल्या हट्टी वासरासारखं.

"काका, हे उलटं झालंय."

काकांनी मान तिरपी करून पाहिलं. "उलटं कुठे? वाचता येतंय की."

"वाचता येतंय, पण ते थांबतंय."

थोड्या वेळाने मालकीणबाई आल्या, बरोबर सरावाहून आलेली धाकटी. थोरलीने दोन्ही बाजू दाखवल्या. बाईंनी नीट बघितलं. त्यांना दिसलं, हे थोरलीला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"सगळ्यांच्याच गाड्यांवर एका बाजूला असं असणार," बाई म्हणाल्या. "कोणाच्या कधी लक्षात आलंय? आणि सायकलीचं म्हणाल तर ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने फिरतात. बाहेर बसलेल्या लोकांना उजवीच बाजू दिसते."

"जवळून जाताना उजवी दिसते, मॅडम," धाकटी म्हणाली. "समोरच्या बाजूला गेलो की त्यांना आमची डावीच दिसते. अर्धी शर्यत आम्ही डावीकडूनच दिसतो. पंच, कोच, फोटोवाले, सगळे आत असतात. त्यांना तर पूर्ण वेळ डावीच."

बाईंनी पुन्हा डाव्या बाजूच्या नावाकडे पाहिलं.

"मी डाव्या बाजूसाठी वेगळी अक्षरं काढते," थोरली म्हणाली. "डावीकडे झुकलेली. नाव आणि आकडे, एवढंच लागेल."

"आज बुधवार आहे. शर्यत रविवारी."

"माहीत आहे."

"शनिवारी दुपारी बारा. बारा वाजून एका मिनिटाने आलात तर आहे तेच राहील."

त्या गेल्यावर ब्लेडकाका हळूच म्हणाले, "ताई, उगाच डोक्याला ताप. यंत्राला सांगितलं की आरशातल्यासारखं उलटं कापून देतं. दोन मिनिटांचं काम."

"मग नाव पण आरशातल्यासारखं वाचावं लागेल, काका."

काकांनी जीभ चावली.

तेव्हापासून शुक्रवारपर्यंत थोरली कशी जगली हे तिलाही नंतर सांगता आलं नाही, पण इतका आनंद तिला कुठल्याच कामात झाला नव्हता. भीतीही तेवढीच होती. डावीकडे झुकलेलं अक्षर काढायला डोळाच तयार होत नाही. हात पिढ्यान्‌पिढ्या उजवीकडे लिहीत आला, त्यामुळे उजवीकडचा कल आपल्याला घाई वाटतो आणि डावीकडचा कल वाटतो आळस. बारा अंशांवर तिची नवी अक्षरं खुर्चीत रेलून बसल्यासारखी दिसत होती. तिने ती दहावर आणली. गोलाचं वजन खालच्या उजव्या आणि वरच्या डाव्या खांद्यावर नेलं. पुढची टोकं, जी आता डावीकडे होती, छिलून धारदार केली. तरी कागद भिंतीवर लावला की ते खोटंच दिसे.

"आई, हे कसं वाटतंय?"

आईने चष्मा पुसला. "दुखणाईत वाटतंय गं."

थोरलीने कागद भिंतीवरून काढला. मग तिच्या डोक्यात आलं, की हे अक्षर भिंतीवर लावायचंच नाहीये. हे पळणाऱ्या वस्तूवर लावायचंय. तिने ते छापलं, चिकटपट्टीने धाकटीच्या सायकलीच्या डाव्या नळीवर लावलं आणि स्वतः खिडकीत उभी राहिली.

"समोरून जा. उजवीकडून डावीकडे."

धाकटी गेली. खिडकीच्या चौकटीतून ती क्षणभरच दिसली, पण त्या क्षणात तो सगळा दुखणाईतपणा पार नाहीसा झाला. अक्षरं सायकलीच्या पुढे धावत होती, पुढच्या चाकाला हाका मारत होती.

"पुन्हा जा."

धाकटी पुन्हा गेली.

"पुन्हा."

सातव्या फेरीनंतर धाकटी खिडकीखाली येऊन थांबली. "ताई, परवा माझी शर्यत आहे. मला पाय जपायचे असतात."

"एकदाच. आईला बघू दे."

आई खिडकीशी आली, हात पदराला पुसत. धाकटी गेली. आई मान लांब करून ती गेली तिकडे बघत राहिली, मग म्हणाली, "अगं, हे बरं झालं की." तेवढं पुरे होतं.

शनिवारी अकरा वाजता थोरली दुकानात पोचली. ब्लेडकाकांनी आधीच डावी बाजू सोलून, धुऊन ठेवली होती. स्टिकर लावताना या वेळी ते स्वतःच दोनदा मागे जाऊन बघून आले. बारा वाजायला दहा मिनिटं असताना मालकीणबाई आल्या. उभ्या गाडीकडे पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. थोरलीला ते अपेक्षितच होतं.

"अशी नका बघू, मॅडम. गाडी चालवायला सांगा."

ड्रायव्हरने गाडी काढली. ती फाटकातून वळून रस्त्याला लागली आणि समोरून डावीकडे गेली. कोपऱ्यावरचा फळवाला हातातलं वजन तसंच धरून तिच्याकडे बघत राहिला. मालकीणबाईंनी गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिच्यावरची नजर काढली नाही.

"सायकलींनाही लावा," त्या म्हणाल्या. "आठही. आणि पुढच्या आठवड्यात कारखान्यात या. आमची माल नेणारी सगळी वाहनं तुम्हाला दाखवायची आहेत."

रविवारी ट्रॅकच्या भोवतालचे बाक गच्च भरले होते. थोरली आणि आई तिसऱ्या ओळीत बसल्या, शेजारी इस्त्रीचा शर्ट घालून आलेले ब्लेडकाका. चाळीस फेऱ्यांची शर्यत, चोवीस जणी. धाकटी मोठ्या शर्यतीत आजवर सहाव्या नंबराच्या वर कधी आली नव्हती. थोरलीने ठरवून ठेवलं होतं, की दहा फेऱ्या जवळून उजवी बाजू बघायची, दहा फेऱ्या समोरची डावी बघायची, आणि आकडे कुठून वाचता येतात ते वहीत टिपायचं. वही, पेन्सिल मांडीवर तयार होती.

बंदुकीचा आवाज झाला. चाकांखाली लाकूड घुमायला लागलं, आणि वही मांडीवरून कधी घसरली ते तिला समजलं नाही. पंचविसाव्या फेरीला धाकटी मागच्या घोळक्यात अडकली होती. तिसाव्याला ती वळणाच्या उंच कडेवर चढली, तिथून घारीसारखी खाली आली आणि पाच जणींच्या पुढे निघाली. आईने डोळे मिटून घेतले आणि "सांग, सांग, कुठे आहे" एवढंच म्हणत राहिली. थोरली सांगत होती. शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा ती बाकावर उभी होती, ब्लेडकाकांचा इस्त्रीचा खांदा तिच्या मुठीत होता आणि ती धाकटीला ज्या नावाने लहानपणी हाक मारायची, त्या नावाने ओरडत होती.

धाकटी दुसरी आली. पहिलीच्या मागे अर्ध्या चाकाने.

 आई रडत होती आणि शेजारच्या अनोळखी बाईला "माझी आहे ती, धाकटी" असं सांगत होती. थोरली ट्रॅकखालच्या बोगद्यातून आतल्या मैदानावर गेली. धाकटी गवतावर आडवी पडली होती, पाय थरथरत होते, चेहरा लालबुंद. कोच तिच्या तोंडाशी पाण्याची बाटली धरून उभे होते.

"ताई," ती धापा टाकत म्हणाली, "अक्षरं कशी दिसली?"

थोरलीने तिच्याकडे बघितलं, मग आपल्या रिकाम्या हातांकडे.

"मी बघितलीच नाहीत."

"काय?"

"तुलाच बघत होते गं. अक्षरं डोक्यातही आली नाहीत."

धाकटीला हसू फुटलं. खोकला आला तरी ती हसतच राहिली. "पहिल्यांदाच बरं दिसणारं काहीतरी केलंस, आणि ते बघितलं नाहीस? थांब जरा. बक्षिसाआधी पाय मोकळे करायला मला सात-आठ फेऱ्या माराव्याच लागतात."

कोचने तिला उठवून सायकलवर बसवलं. ट्रॅक आता मोकळा होता. ती हळूहळू चढाला लागली, मग थोडा वेग घेतला. थोरली आतल्या कडेला उभी होती, आणि समोरून डावी बाजू आली. निळ्या नळीवर पिवळं नाव, पुढे झेपावलेलं, आणि त्यामागे सहासष्ट, स्पष्ट सहासष्ट. गेलं. पुन्हा आलं. पुन्हा गेलं. 

मग तिला उजवी बाजूही बघायची होती, आणि ती फक्त बाहेरून दिसते. किती फेऱ्या उरल्या असतील याचा हिशेब न करता ती वळली आणि बोगद्याकडे पळत सुटली. डोक्यावरून लाकूड घुमत गेलं, म्हणजे धाकटी वरून गेली. पायऱ्या दोन-दोन चढत ती बाहेर निघाली, लोकांचे गुडघे ओलांडत, "सॉरी, सॉरी, जरा जाऊ द्या" म्हणत कठड्यापाशी पोचली. तिथे आई आणि ब्लेडकाका आधीच उभे होते. काकांनी सरकून तिला जागा करून दिली.

"आली, आली," आई म्हणाली.

धाकटी वळणावरून खाली उतरत होती.